कृत्रिम आमिषांची ओळख : डब्यातला कोणता तुकडा कोणत्या पाण्याचा

इचोडा : गळाला गांडूळ, कणकेची गोळी किंवा झिंगा लावून तळ्याच्या बांधावर बसणे आपल्या भागाला नवे नाही. तेलुगू भाषक शेजारी गळाला ‘गालम’ म्हणतात आणि आमिषाला ‘एर’. मराठी व तेलुगू गळकरी एकाच बांधावर बसून एकाच पाण्याकडे पाहत आले आहेत. गेल्या काही वर्षांत मात्र तरुणांच्या हाती रीळ बसवलेल्या काठ्या आणि रंगीत, चकाकती कृत्रिम आमिषे दिसू लागली आहेत. त्यांना सरसकट ‘लुअर’ म्हटले जाते. बहुतेक वेळा ही आमिषे घरपोच येणाऱ्या मिश्र संचातून मिळतात. प्लास्टिकच्या डब्यात वीस-तीस तुकडे असतात, पण कशाचे नाव काय आणि ते कसे वापरायचे याचा एक शब्दही डब्यावर नसतो.

या लेखाचे निमित्त असाच एक डबा आहे. परिचयातील एका तरुणाने तो समोर उघडून विचारले, “भाऊ, यातलं मरळीचं कोणतं?” प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे नव्हते. आमिष ओळखायचे म्हणजे नुसते नाव सांगायचे नसते. ते पाण्याच्या कोणत्या थरात चालते, माशाच्या भुकेला डिवचते की रागाला, आणि त्याचा काटा माशाला किती इजा करतो, हेही त्यासोबत ओळखावे लागते.

आधी मासा

आपल्या तळ्यांमध्ये मत्स्यबीज म्हणून प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ हे मासे सोडले जातात. कटला पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मुख्यतः वनस्पतिजन्य अन्नावर जगतो, तर मृगळ तळाचा गाळ चाळतो. पळत्या सावजामागे धावणे हा यांपैकी कोणाचाच स्वभाव नाही. त्यामुळे अशा तळ्यात दिवसभर चकाकते आमिष फेकूनही हाती काही लागत नाही, आणि दोष निष्कारण आमिषाला दिला जातो. या माशांसाठी कणकेची गोळीच खरी.

कृत्रिम आमिषावर येतो तो शिकारी मासा. आदिलाबाद परिसरात त्यांत पहिला मान मरळीचा. तेलुगूत ती ‘कोरमीनू’ असून 2016 पासून ती तेलंगणाचा राज्यमासा आहे. तळी, डबकी, भातखाचरे, पाणवेलींनी भरलेले नाल्यांचे डोह ही तिची घरे. दुसरा शिवडा, म्हणजे तेलुगूतील ‘वालुगा’: रुंद जबड्याचा, खोल पाण्यातला, पैनगंगा आणि गोदावरीसारख्या मोठ्या नद्यांतला. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो आता ‘असुरक्षित’ गटात आहे. तिसरा शिंगाळा, जो तळाशी फिरतो. चौथा महसीर, म्हणजे खडस. वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याखेरीज तो राहत नाही आणि आपल्याकडे क्वचितच दिसतो.

तीन खुणा

कोणतेही अनोळखी आमिष हातात घेतले की तीन गोष्टी पाहाव्यात. दोरी बांधायची कडी कुठे आहे? तोंडापुढे जिभेसारखी पारदर्शक पट्टी आहे का, आणि असल्यास तिचा कोन किती? काटे किती आहेत व त्यांची टोके कोणत्या दिशेला आहेत? रंग, डोळे आणि खवल्यांची नक्षी यांकडे पहिल्या फेरीत पाहूच नये. ती नक्षी माशापेक्षा गिऱ्हाइकासाठी अधिक असते, असे या लेखकाचे मत आहे.

कडी नाकावर आणि पुढे पट्टी असेल, तर आमिष ओढताच बुडते व डुलत चालते. पट्टी आखूड आणि जवळजवळ उभी खाली वळलेली असेल, तर ते हात-दीड हात खोलीवर चालेल. पट्टी लांब आणि शरीराच्या रेषेतच पुढे आलेली असेल, तर ते खोल जाईल. कडी पाठीवर असून पट्टी नसेल आणि हलवल्यावर आतल्या गोळ्या खुळखुळत असतील, तर ते बुडणारे, थरथरत चालणारे आमिष होय. नाकावर कडी आहे, पण पट्टी नाही आणि अंग पोकळ व हलके आहे, तर ते पाण्याच्या पृष्ठभागावरचे.

पोटावर किंवा पाकिटावर इंग्रजी अक्षरे असतात. ‘एफ’ म्हणजे तरंगणारे, ‘एस’ म्हणजे बुडणारे, ‘एसपी’ म्हणजे मधल्या थरात स्थिर राहणारे. वजन ग्रॅममध्ये किंवा औंसात दिलेले असते आणि एक औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. काठीवरही ती किती वजनाचे आमिष पेलते ते लिहिलेले असते. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर हलके आमिष दूर जात नाही आणि जड आमिष काठीचे टोक मोडते. काट्यांच्या क्रमांकांची रीत उलटी आहे. साध्या क्रमांकांत आकडा वाढेल तसा काटा लहान होतो: 8 क्रमांकाचा काटा 4 क्रमांकापेक्षा लहान. एकच्या पुढे मात्र आकड्याला शून्य जोडले जाते आणि 1/0, 2/0, 3/0 असे काटे मोठे होत जातात.

धातूची आमिषे

सर्वांत जुनी आणि ओळखायला सोपी ती चमचा-आमिषे, अर्थात स्पून. दांडा कापलेल्या चमच्यासारखा वक्र पत्रा, एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला काटा. अमेरिकेत ज्युलिओ बुएल यांनी 1852 मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले. ओढताना पत्रा डावी-उजवीकडे लचकतो आणि जखमी माशाच्या कुशीसारखा चमकतो. वाहत्या पाण्यात, महसीर किंवा शिवड्यासाठी, आजही याहून भरवशाचे साधन थोडेच. जाड पत्र्याचा स्पून लांब जातो व लवकर बुडतो. पातळ पत्र्याचा वाऱ्यात भरकटतो, पण पाण्यात सावकाश व अधिक लचकत चालतो.

स्पिनरमध्ये सरळ तारेभोवती एक अंडाकृती पाते गरगर फिरते. पाते गोलट असेल तर ते तारेपासून दूर फिरून अधिक पाणी ढवळते, म्हणून संथ पाण्याचे. निमुळते असेल तर तारेला चिकटून फिरते, म्हणून प्रवाहाचे. फ्रान्समध्ये 1938 मध्ये सुरू झालेल्या मेप्स कंपनीने हा प्रकार जगभर पोहोचवला. याचा एक दोष लक्षात ठेवावा. फिरणाऱ्या पात्याबरोबर दोरीलाही पीळ बसतो, म्हणून पुढे फिरती कडी, म्हणजे स्विव्हल, लावावीच लागते.

नावाच्या साधर्म्यामुळे याच्याशी गोंधळ होतो तो स्पिनरबेटचा. त्याची तार सरळ नसून उघड्या सेफ्टी पिनसारखी वाकवलेली असते. वरच्या फाट्यावर पाती, खालच्या फाट्यावर शिशाचे डोके, रबरी झालर आणि एकच काटा. वरचा फाटा काट्याची ढाल बनतो, त्यामुळे हे आमिष बुडालेल्या फांद्या व वेली यांतून सहसा न अडकता निघून येते. पात्यांच्या जागी पंख्यासारखे लहान पाते असेल आणि ते पृष्ठभागावर फडफडत चालत असेल, तर त्याला बझबेट म्हणतात.

माशाच्या आकाराची आमिषे

सडपातळ व लांबट अंगाचा तो मिनो, गुबगुबीत व आखूड तो क्रँकबेट. दोघांनाही पुढे पट्टी असते. फिनलंडच्या लौरी रापाला यांनी 1936 मध्ये बुचाच्या लाकडातून असा मिनो कोरला. कळपातल्या आजारी, लंगडत पोहणाऱ्या माशावरच शिकारी झडप घालतो, हे त्यांनी आपल्या तळ्यावर पाहिले होते आणि ती लंगडी चाल लाकडात उतरवणे हीच त्यांची खरी कामगिरी. मिनो एका गतीने ओढत राहिल्यास अर्धेच काम होते. दोन झटके आणि एक थांबा असा क्रम ठेवला की थांब्याच्या क्षणी मासा धरतो. क्रँकबेट मात्र सलग ओढावा. तळाच्या दगडाला त्याची पट्टी ठेचाळली की तो उसळतो, आणि त्या उसळीवर मार बसतो.

पृष्ठभागावरच्या आमिषांत दोन भेद आहेत. तोंड वाटीसारखे खोलगट असेल तो पॉपर. झटका दिला की ‘बुडुक’ असा आवाज करून पाणी उडवतो. तोंड निमुळते आणि अंग पेन्सिलीसारखे असेल तो स्टिकबेट. त्याला स्वतःची चाल नसते. काठीच्या टोकाने लयीत हलके झटके दिले तरच तो नागमोडी चालतो, आणि हे जमायला काही संध्याकाळी जातात.

या बहुतेक आमिषांना पोटाखाली तीन टोकांचे दोन-दोन गळ असतात. उघड्या पाण्यात ते ठीक. जलपर्णी, शेवाळ, कमळवेल यांत मात्र पहिल्याच फेकीला झाडपाला घेऊन येतात. आपल्याकडची मरळ राहते ती नेमकी याच हिरवळीत.

मऊ आमिषे

मऊ प्लास्टिकचे आमिष सुटे मिळते; काटा वेगळा घ्यावा लागतो. अमेरिकेत निक क्रीम यांनी 1949 मध्ये प्लास्टिकचे गांडूळ तयार केले. आज शेपटीवरून त्याच्या जाती ओळखतात. टाचेसारखी चपटी शेपटी असलेला शॅड ओढताना शेपूट मारतो. कोयत्यासारखी वळलेली शेपटी असलेला ग्रब अगदी सावकाश ओढला तरी वळवळतो. हे शिशाचे डोके असलेल्या काट्यात, म्हणजे जिगहेडमध्ये, ओवतात आणि तळावरून उड्या मारवत आणतात. खोल डोहातल्या शिवड्यासाठी हा उपाय वापरून पाहण्यासारखा आहे.

एक सूचना येथेच द्यायला हवी. शिशाची गोळी दोरीवर दाताने चेपण्याची सवय अनेकांना आहे. शिसे विषारी आहे. त्यासाठी पक्कडच वापरावी. आणि तुटलेले प्लास्टिक पाण्यात न टाकता घरी आणावे, कारण ते कुजत नाही.

बेडूक

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. डब्यात पोकळ, मऊ रबराचा, बोटभर लांबीचा बेडूक होता. मागे पायांच्या जागी रबरी झालर, आणि पोटाखालून येऊन पाठीला दोन्ही बाजूंनी चिकटलेला दुहेरी काटा, टोके वर. मरळीचे आमिष हेच. काट्यांची टोके अंगाला लपून असल्याने ते कमळाच्या पानांवरून घसरत जाते, फटीत थबकते, पुन्हा पुढे जाते. मरळीने जबडा मिटला की पोकळ अंग दबते आणि काटे उघडे पडतात. म्हणून मार बसल्याबरोबर झटका द्यायचा नसतो. दोरीवर वजन जाणवेपर्यंत क्षणभर थांबायचे असते. नवशिक्याची निम्मी मरळ या क्षणभराच्या उतावळेपणातच सुटते.

याची दोन भावंडे आहेत. भरीव मऊ अंगाचा, ओढताना पाय फडफडवणारा बेडूक. त्याला काटा वेगळा लावावा लागतो. दुसरा थायलंडकडून आलेला ‘जंप फ्रॉग’: अंगठ्याएवढे अंग, दुहेरी काटा आणि मागे भिरभिरणारे लहान पाते. हा वजनदार असतो, लांब जातो आणि वेगाने ओढावा लागतो. दक्षिण भारतात मरळीसाठी तो आता बराच लोकप्रिय आहे.

रबरी बेडकाने एक चांगले काम केले आहे. पूर्वी मरळीसाठी जिवंत बेडूक गळाला टोचत. पहिल्या पावसात पिवळाधमक होणारा आपला मोठा बेडूक वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये संरक्षित आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही 1987 मध्ये बंद झाली, कारण शेतातली किडे खाणारी फौजच नाहीशी होऊ लागली होती. रबरी बेडकामुळे जिवंत बेडकाला टोचण्याचे कारण उरलेले नाही.

पण याच बेडकाने एक नवे संकटही आणले आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहिला आहे.

मरळ पावसाळ्यात वीण घालते. नर-मादी उथळ पाण्यातले गवत बाजूला सारून जागा करतात आणि अंडी तरंगत राहतात. पिले निघाली की ती नारिंगी-तांबड्या रंगाच्या दाट पुंजक्याने फिरतात. काठावरून पाहणाऱ्याला पाण्यात कुंकू सांडल्यासारखे किंवा पावसाचे टपोरे थेंब एकाच जागी पडत असल्यासारखे दिसते. मरळीला हवेतला श्वास घ्यावा लागतो आणि पिलेही वरचेवर पृष्ठभागावर येतात, म्हणून हा पुंजका लपत नाही. त्याच्या खालीच जन्मदाते पहारा देत असतात.

त्या पुंजक्यावरून रबरी बेडूक नेला तर मरळ हमखास झडप घालते. तिला भूक लागलेली असते म्हणून नव्हे. बेडूक पिले खाईल म्हणून ती त्याला हाकलायला येते. इतर वेळी तासन् तास चकवणारी मरळ या दिवसांत पहिल्या-दुसऱ्या फेकीला हाती लागते, आणि अनेक जण नेमके हेच ‘कौशल्य’ म्हणून शिकतात व शिकवतात. पहारेकरी काठावर आला की पिलांचा पुंजका उघडा पडतो. इतर मासे, पाणसाप आणि बगळे यांना तो साफ करायला वेळ लागत नाही. एक मरळ पिशवीत जाते आणि तिच्यामागे त्या तळ्यातली पुढच्या वर्षांची मरळ जाते. रोहू-कटल्याचे बीज तळ्यात सोडून ती तूट भरून निघत नाही.

मासा सोडून देणाऱ्यांनीही येथे स्वतःला अपवाद समजू नये. दहा मिनिटे काठावर छायाचित्रे घेऊन सोडलेली मरळ परत पोहोचेपर्यंत तिचा संसार उरलेला असेलच असे नाही.

पुंजका दिसला की काठी मिटून पलीकडच्या काठाला जावे. पिलांचा तांबडा रंग जाऊन ती काळपट होईपर्यंत व पांगेपर्यंत ती जागा सोडावी. जंप फ्रॉगबाबत हे अधिकच लागू आहे, कारण त्याची भिरभिर पहारेकरी मरळीला हमखास चिडवते.

काटा, काठी आणि हक्क

संचातल्या आमिषांना असलेले तीन टोकांचे गळ काढून त्यांच्या जागी एकेरी काटा लावता येतो. कडी उघडायला लहान पक्कड पुरते. काट्याच्या टोकामागचा उलटा दात त्याच पकडीने दाबून सपाट करावा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही. आणि काटा स्वतःच्या बोटात गेला, जे कधी ना कधी होतेच, तर दवाखान्यात जाण्याची वेळ येत नाही. दात शाबूत असलेला काटा खोल रुतल्यास ओढू नये, विशेषतः डोळ्याजवळ किंवा सांध्याजवळ. डॉक्टरांकडून तो काढून धनुर्वाताची लस घ्यावी.

नव्या काठ्या कार्बन तंतूंच्या असतात, आणि कार्बन वीजवाहक आहे. आपल्याकडे तळ्यांच्या बांधावरून शेतपंपांच्या तारा गेलेल्या असतात. मागे न पाहता काठी उगारणे येथे जिवावर बेतू शकते. वीज कडाडत असताना तर काठी आडवी ठेवून निघावे. नेरडीगोंड्याजवळील कुंटाला धबधब्याच्या पायथ्याचा डोह पाहून अनेकांना मोह होतो, पण तेथील ओला खडक आणि खोल पाणी यांनी अनेकांचे बळी घेतले आहेत.

तळ्यांवरील मासेमारीचे हक्क बहुतांशी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये, मग मासा सोडून देणार असलो तरी. कवाल हे 2012 पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याच्या गाभा क्षेत्रातील नाल्यांत आमिष कोणतेही असो, मासेमारीला परवानगी नाही. कडम नदीच्या काठाने खाली उतरताना आपण कुठे पोहोचलो आहोत, याची खात्री वनखात्याकडून आधीच करून घ्यावी.

राहिला रंगाचा प्रश्न. डब्यातील बेडूक हिरवा, पिवळा, पांढरा आणि काळा अशा चार रंगांत होता. मासा बेडकाला खालून, आकाशाच्या उजेडावर पाहतो, त्यामुळे त्याला दिसते ती बहुधा सावली. गढूळ पाण्यात आणि कातरवेळी काळ्याची सावली सर्वांत ठळक पडते, निवळ पाण्यात भर दुपारी पांढरा किंवा हिरवा चालतो. त्या तरुणाला काळा बेडूक काढून दिला आणि वापरल्यावर दाबून आतले पाणी पिळून टाकायला सांगितले. पाणी आत राहिले की पुढच्या फेकीला बेडूक कलंडतो, आणि डब्यात तसाच ठेवला की आठवड्यात काटा गंजतो.